वर्स्ट लोणचं

१ डिसेंबर

प्राचीनं पुण्याहून ही डायरी पाठवली. "आई, क्लास सुरू करते आहेस तर सगळं लिहून ठेव, पुढं हसायला कामी येईल," असं चिठ्ठीत आहे. मुलगी माझीच, पण जीभ वडिलांची.

उद्यापासून आमच्या अंगणात बायकांसाठी इंग्रजीचा क्लास. वामनरावांनी (लग्नाला इतकी वर्षं झाली, डायरीत तरी नाव घ्यायला हरकत नाही) पेपरातून डोकं न काढता विचारलं, "आर्णीत इंग्रजी बोलायचं कोणाशी?"

"एकमेकींशी."

"मग मराठीत काय अडचण होती?"

मी कणीक भिजवायला घेतली.

संध्याकाळी भिंतीपलीकडून हंसाबाईंनी तुरीच्या सोल्यांची भाजी दिली. आमची वाट्यांची ये-जा आम्ही शेजारी झालो तेव्हापासूनची आहे. वाटी रिकामी परत करायची नाही, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. त्यामुळं कोणती वाटी कोणाची हे आता कोणालाच सांगता येणार नाही. माझ्या सासूबाईंचं नाव कोरलेली वाटी त्यांच्या फळीवर आहे आणि त्यांच्या नणंदेच्या लग्नातली माझ्याकडे.

मी गाजराचा हलवा घालून वाटी दिली. त्यांनी भिंतीशीच चाखला आणि म्हणाल्या, "चालते."

हंसाबाईंकडून याहून जास्त कोणाला कधी मिळालेलं नाही. आमचा जावई पाहून त्या "चालते" म्हणाल्या होत्या. ताजमहाल पाहून आल्या तेव्हाही "चालते"च म्हणाल्या. शब्दांच्या बाबतीत बाई फार गरीब. क्लासला यायचं त्यांनी कबूल केलं आहे, म्हणजे काहीतरी सुधारणा होईल.

२ डिसेंबर

पहिला दिवस. चक्कीवाल्या इंदूबाई, त्यांची सून प्रियंका (पार्लर चालवते), ब्लाउज शिवणारी उर्वशी, हंसाबाई आणि गल्लीतल्या आणखी काही जणी. फळा भिंतीला टेकवून ठेवला.

मी म्हटलं, येईल ते इंग्रजी बोला. इंदूबाई म्हणाल्या, "चहा बेस्ट झाला मॅडम." प्रियंका म्हणाली, "काकू, तुमची साडी बेस्ट आहे." उर्वशीनं सांगितलं, "परवा आमच्या आजीची तेरवी बेस्ट झाली."

मला एकदम सिस्टर अगाथा आठवल्या. अमरावतीचं आमचं कॉन्व्हेंट, लाल फरशीचा लांब व्हरांडा, जेवणाच्या सुट्टीत येणारा उकडलेल्या बटाट्यांचा वास. सिस्टर म्हणत, 'बेस्ट' हा शब्द पाहुण्यांसाठी ठेवलेल्या चांदीच्या चमच्यासारखा आहे, रोज आमटी ढवळायला घेऊ नका. निबंधात कोणी तो लिहिला की त्या त्याभोवती लाल वर्तुळ काढत आणि बाजूला दुसरे शब्द लिहायला लावत. माझ्या वहीत इतकी वर्तुळं असायची की रोझलिन म्हणायची, तुझ्या वहीला देवी आल्यात.

मी तिथंच नियम जाहीर केला. या क्लासमध्ये 'बेस्ट' बंद. जी म्हणेल तिनं एक लिंबू आणायचं.

"लिंबू कायले?" इंदूबाई.

पैसे नको म्हणून लिंबू. थंडीत लिंबं स्वस्त आहेत आणि हंसाबाईंचा लोणच्याचा धंदा आहे, त्यांना कामी येतील. सगळ्यांना पटलं. "बेस्ट आयडिया काकू," प्रियंका म्हणाली आणि पहिलं लिंबू तिचं.

५ डिसेंबर

टोपली भरत आली. वामनरावांचीही लिंबं आहेत, कारण अंगणातून जाता-येता ते मुद्दाम बोलतात. हंसाबाईंचं मात्र एकही नाही. क्लासमध्ये त्यांनी तो शब्द तोंडातून काढलेलाच नाही. टोपली भिंतीवरून दिली तर म्हणाल्या, "बेस्टची लिंबं. पायते आता यायचं लोनचं कसं होते ते." मग एक लिंबू नाकाशी नेऊन, "चालते."

८ डिसेंबर

आज क्लास फार छान झाला. (सिस्टरांनी 'छान'भोवतीही वर्तुळ काढलं असतं.)

'बेस्ट'ऐवजी वापरायचे शब्द फळ्यावर लिहिले आणि गंमत म्हणून एकेकीला एक वाटून दिला. जिचा शब्द तिनंच वापरायचा, दुसरीनं मागायचा नाही. इंदूबाईंनी 'फाइनेस्ट' घेतला, चक्कीला शोभतो म्हणून. प्रियंकानं 'सुप्रीम' घेतला. उर्वशीला 'चॉइसेस्ट' म्हणताना जीभ दोनदा अडकली, पण तिला तोच हवा होता, कारण तो फळ्यावर सगळ्यांत लांब दिसत होता. बारशात नावं ठेवावी तसं वाटलं मला.

हंसाबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मले शब्द नोको. लोनचं काय बोलते का?"

मग वाक्यात उपयोग. नमुन्यासाठी 'बेस्ट'चंही एक वाक्य हवं आणि नमुना खरा हवा, असं सिस्टर म्हणत. म्हणून मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'रोझलिन इज माय बेस्ट फ्रेंड.' बायकांनी विचारलं, ही कोण? झालं, मी वाहवत गेले. रोझलिनच्या लाल रिबिनी, आम्ही दातांनी अर्धा-अर्धा केलेला पेरू, चॅपेलमागं लपून खाल्लेली चिंच, नाताळात तिच्या आईनं मला दिलेला केकचा तुकडा जो मी दप्तरातून घरी नेला आणि ज्याला मुंग्या लागल्या. मी सांगितलं की बेस्ट फ्रेंड आयुष्यात एकदाच मिळते, शाळेत. नंतर मिळतात ते शेजारी आणि नातेवाईक.

सगळ्या अगदी तल्लीन झाल्या होत्या. फक्त हंसाबाई मधूनच उठल्या. गॅसवर दूध आहे म्हणाल्या. त्यांच्याकडे दूध सकाळीच तापवतात असा माझा समज होता.

१० डिसेंबर

काल भरीत दिलं होतं. आज वाटी परत आली. भिंतीवर ठेवलेली, घासून लख्ख, आणि रिकामी.

हंसाबाईंकडची साखर संपली असावी. मी आमच्यातली पाव किलो पिशवीत घालून भिंतीवर ठेवली. संध्याकाळपर्यंत पिशवी तिथंच होती. मुंग्यांना मात्र पत्ता लागला.

१४ डिसेंबर

हंसाबाई क्लासला येत नाहीत. गुडघे दुखत असतील. वामनराव म्हणाले, "जाऊन विचार ना." मी म्हटलं, गुडघ्यांबद्दल सारखं विचारलं की माणसाला म्हातारं झाल्यासारखं वाटतं.

क्लासची कीर्ती मात्र गावभर झाली आहे. इंदूबाईंच्या चक्कीवर 'फाइनेस्ट' असा फ्लेक्स लागला. भाकरीसाठी जाडसर पीठ मागणारी गिऱ्हाइकं बुचकळ्यात पडली आहेत की जाडं इथं मिळतं की नाही. 'सुप्रीम पार्लर'मध्ये भुवया कोरण्याचा भाव वाढला. उर्वशीच्या फ्लेक्सवर 'चॉइसेस्ट' एका ओळीत मावला नाही, म्हणून 'चॉइ' वर आणि 'सेस्ट' खाली आहे. बायका खालचंच वाचतात आणि सेस्ट ब्लाउज म्हणजे कोणता गळा, असं विचारतात.

आज मंडपवाले किसनराव आले. पुरुषांना प्रवेश नाही म्हटलं तर म्हणाले, "क्लास नोको मॅडम, शब्द द्या फक्त एक." उरलेल्यांतून त्यांनी 'अल्टिमेट' उचलला. ते गेल्यावर वामनराव म्हणाले, "अल्टिमेट म्हणजे शेवटचंही ना? योग्य आहे. तिरडीचं सामानही तोच देतो."

हे हंसाबाईंना सांगितलं असतं तर त्या हसल्या नसत्या, पण त्यांचं पोट हललं असतं. मी भिंतीपर्यंत गेले होते. पलीकडं दोरीवर फक्त साड्या होत्या.

लिंबांची टोपली पुन्हा भरली आहे. नेत नाहीत.

२० डिसेंबर

सकाळी दूध घ्यायला फाटकाशी गेले तर हंसाबाईंच्या दारावर नवा फ्लेक्स. पिवळ्यावर लाल अक्षरं, कोपऱ्यात लिंबाचं चित्र:

हंसाबाईचे वर्स्ट लोणचे.

माझाच दोष. पहिल्या आठवड्यात मी 'गुड, बेटर, बेस्ट'च्या पाठोपाठ 'बॅड, वर्स, वर्स्ट' घेतलं होतं. त्यांनी अर्धंच ऐकलं असणार. वर्षानुवर्षं जपलेला धंदा माझ्या शिकवण्यानं बुडणार. तशीच, दुधाचं पातेलं हातात घेऊन गेले. त्या ओट्यावर लिंबं चिरत होत्या. बाजारातून विकत आणलेली.

"हंसाबाई, अहो वर्स्ट म्हणजे सगळ्यांत वाईट."

"माईत हाय."

"मग फ्लेक्स?"

"बेस्ट तर तून देऊन टाकला," त्या सुरी न थांबवता म्हणाल्या. "मांगं जे उरलं ते घेतलं."

"मी कोणाला दिला? बेस्ट तर मी बंद केला आहे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग पातेल्याकडं. "दूध सांडून राह्यलं तुयं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुपारभर विचार केला. कोणत्याही दुकानाला मी 'बेस्ट' दिलेला नाही. वयोमानानं त्यांचा गोंधळ होत असावा. किंवा लोणच्यासाठी त्यांना तोच शब्द हवा होता आणि मागायला संकोच वाटला. बायका किती लहान गोष्टी मनाला लावून घेतात.

२३ डिसेंबर

धंदा बुडालेला नाही. कॉलेजची पोरं-पोरी दुचाक्यांवरून येतात, फ्लेक्सखाली उभं राहून फोटो काढतात आणि बरणी घेऊन जातात. उमरखेडहून एक जण आला होता. "किती वाईट आहे ते बघायचं आहे," म्हणाला. हंसाबाईंनी त्याला बोटभर चाखवलं. त्यानं तीन बरण्या नेल्या.

वामनरावांनी माझ्या नकळत एक आणली. जेवताना म्हणाले, "हे वर्स्ट लोणचं बेस्ट आहे." मी मुकाट्यानं टोपली पुढं केली.

मी चाखलं नाही. आपल्या शेजारणीचं लोणचं नवऱ्यानं विकत आणावं, असा दिवस येईल असं वाटलं नव्हतं.

२५ डिसेंबर

शाळेच्या मुलींचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला आहे. त्यातून रोझलिनचा नंबर मिळाला. नागपूरला असते. आज नाताळ, म्हणून अंगणात खुर्ची टाकून, घसा खाकरून फोन लावला.

आवाज जाड झाला आहे. पण तिनं "येस?" म्हटलं आणि मला लाल रिबिनी दिसल्या.

मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "ओ, सुचित्रा, ती दमा असलेली ना तू?"

दमा शोभना पाटणकरला होता. मी म्हटलं, अगं मी पेरूवाली. पेरू तिला चांगला आठवत होता, चिंचही आठवत होती. पण ती म्हणाली, "ते मी आणि शोभना." मुंग्या लागलेला केकही शोभनाचाच झाला. मग तिनं फार मायेनं विचारलं की आता दमा कसा आहे. इतक्या मायेनं विचारलं की नाही म्हणवेना. मी म्हटलं, थंडीत थोडा होतो. आणि का कोण जाणे, दोनदा खोकून दाखवलं. तिनं मला आल्याचा काढा सांगितला.

फोन ठेवला आणि वाटी शोधायला लागले. वाटीत चार खारे शंकरपाळे घातले, भिंतीशी गेले, आणि तिथं आठवलं की आपलं बोलणं नाही.

मला मोठं काही सांगायचं नव्हतं. एवढंच की, अहो हंसाबाई, मला दमा झाला.

शंकरपाळे मीच खाल्ले, भिंतीशी उभ्यानंच.

४ जानेवारी

टोपलीतली तळची लिंबं मऊ पडली. काढून टाकताना रडू आलं. वामनराव चष्मा शोधत स्वयंपाकघरात आले. लिंबांवरून रडणारी बायको पाहून त्यांनी चष्म्याचा नाद सोडला.

"जाऊन एकदा मोकळं बोल तिच्याशी."

"काय बोलू? एका शब्दावरून रुसल्यात. लोणच्याला बेस्ट हवा होता."

"लोणच्याला?" ते स्टुलावर बसले. "सुचित्रा, तू फळ्यावर त्या रोझलिनचं लिहिलंस ना? वर म्हणालीस, नंतर मिळतात ते शेजारी. मी आत पेपर वाचत होतो, मला ऐकू आलं. हंसाबाई तर पुढ्यातच बसली होती."

मी हातातलं लिंबू परत टोपलीत ठेवलं.

"मला वाटलं, तुला माहीत आहे," ते म्हणाले. "दूध उतू जातं म्हणून उठली ती. तिच्याकडं दूध सकाळीच तापतं."

ज्यांना स्वतःचा चष्मा कपाळावर असलेला दिसत नाही, त्यांना हे दिसलं होतं.

प्राचीच्या जन्माच्या वेळी तालुक्याच्या दवाखान्यात रात्रभर बाकावर कोण बसलं होतं? सासूबाई गेल्या तेव्हा तेराही दिवस घरात चूल कोणी सांभाळली? माझ्या पोळ्या करपतात, हे जगात फक्त वामनरावांना आणि हंसाबाईंना माहीत आहे. रोझलिनला तर माझं फुप्फुससुद्धा आठवत नाही.

दहा दिवसांवर संक्रांत. हळदी-कुंकवाला पहिलं कुंकू दरवर्षी हंसाबाईंना लावते. त्या आल्या नाहीत तर पहिलं कोणाला लावायचं हे मला माहीत नाही. यायला हव्यात.

१३ जानेवारी

आज क्लासमध्ये मी फळा मुद्दाम भिंतीजवळ ओढला. पलीकडं बरण्यांची झाकणं वाजत होती, म्हणजे त्या ओट्यावर होत्या. मी खडू घेतला आणि लिहिता-लिहिता मोठ्यानं म्हटलं, "हंसाबाई इज माय…"

खडू थांबला. झाकणंही थांबली.

बेस्ट लिहावं, तर तो मीच बंद केलेला. शिवाय एकदा रोझलिनला वाढलेला, तो उष्टाच हंसाबाईंच्या पानात कसा वाढू? आणि बाकीचे शब्द वाटून झालेले.

"कोणी आपला शब्द देतं का?" मी विचारलं. "एका वाक्यापुरता."

इंदूबाई म्हणाल्या, "फाइनेस्ट मी नाई देत. परवाच फ्लेक्स बदलला, खाली 'जाडं बी भेटते' लिवलं."

"सुप्रीम घ्या काकू," प्रियंका म्हणाली, "पण मग पार्लरचं काय?"

उर्वशी म्हणाली, "माझा अर्धा घ्या. सेस्ट."

किसनरावांचा अल्टिमेट मागावा का यावर चर्चा सुरू झाली, तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"वर्स्ट लिव. तो मायाजवळ हाय. मी देते."

बायका तोंडाला पदर लावून बसल्या. मी भिंतीकडं वळून म्हटलं, "हंसाबाई, तुम्ही वर्स्ट नाही हो."

"मी कोठी म्हनलं मी हाय? तू हाय."

मी फळा पुसला आणि नवं वाक्य लिहिलं. आय ॲम हंसाबाईज वर्स्ट फ्रेंड.

"लिवलं?"

"लिहिलं."

"वाच. समद्यायले ऐकू जाऊ दे."

मी वाचलं. बायकांनी सवयीनं माझ्यामागून एका सुरात म्हटलं, त्यामुळं आता त्या सगळ्याच हंसाबाईंच्या वर्स्ट फ्रेंड झाल्या. पलीकडं काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. मग भिंतीवर आधी केस दिसले, मग कपाळ, मग डोळे. त्या पाटावर चढल्या असणार, त्या गुडघ्यांनी.

"तुया दमा कसा हाय?" त्यांनी विचारलं.

मी खडू खाली ठेवला.

"मी अथीच होती त्या दिशी. खोकून बी दाखवलं तून तिले. कायले वं?"

"तिला वाईट वाटू नये म्हणून."

"तिले वाईट वाटू नाई म्हनून दमा घेतला," हंसाबाई सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या, "अन् मायासाठी साधा खोकला नाई निंगाला हिचा."

आणि मग त्यांचं पोट हललं. भिंत आड होती तरी मला कळलं, कारण डोकं वर-खाली होत होतं.

मी टोपली वर केली. तळची लिंबं गेली होती, वरची ताजी होती. त्यांनी एक हुंगलं.

"चालते?" मी विचारलं.

"लिंबं ना? चालते." मग पाटावरून उतरता उतरता, नुसते केस दिसत असताना म्हणाल्या, "तू बी चालते मले."

क्लास तिथंच संपवला. डोळ्यांत खडू गेला असं मी सांगितलं. इंदूबाई म्हणाल्या, आमच्या बी गेला.

१४ जानेवारी

पहिलं कुंकू हंसाबाईंना. बायकांना वाण म्हणून एकेक वाटी दिली. हंसाबाई म्हणाल्या, "मले तर मायीच देऊन राह्यली तू परत," आणि खरंच, माझ्या हातून गडबडीत त्यांच्या नणंदेच्या लग्नातलीच वाटी गेली होती. कोणीच बदलून घेतली नाही.

फ्लेक्स काढणार का विचारलं. म्हणाल्या, कायले, मारेगाववरून आर्डर हाय.

दिवेलागणीला तीच वाटी भिंतीवरून परत आली, आमच्या बेस्टच्या कालच्या लिंबांचं लोणचं घालून. एवढ्या घाईत केलेलं, मुरलेलं नाही, आणि मीठ फार पडलं आहे. हे मी फक्त इथं लिहिते. पलीकडं त्या पाटावर उभ्या होत्या.

"कसं झालं?"

मी फोड सावकाश चघळली. फाइनेस्ट, चॉइसेस्ट, सुप्रीम, सगळे शब्द ओठांवर येऊन गेले.

"चालते," मी म्हटलं.

हंसाबाईंनी पदरानं भिंतीवरची धूळ उगीचच पुसली.

"शिकली तू," म्हणाल्या.

वाटी धुऊन फळीवर उपडी घातली आहे. उद्या त्यात काय द्यावं ते अजून ठरत नाही. साखर तर आहेच.